कलिला आणि दिमना बघायचेत? पेणकरपाड्यातून सुरुवात अशी करा

मध्ययुगीन अरबी सचित्र हस्तलिखितांचा अभ्यास करायचा आहे, पण सुरुवात कुठून करू? मीरा रोडच्या पेणकरपाडा, काशिमिरा, नयानगर या पट्ट्यातल्या वाचकांकडून हा प्रश्न आता नेमाने येतो. विचारणाऱ्यांत कोणी कला महाविद्यालयात शिकतं, कोणी इतिहासात एम.ए. करतं, कोणी औषधविक्रीच्या धंद्यात आहे, तर कोणी निवृत्त शिक्षक. प्रश्न मात्र ठरलेले. अरबी येत नाही, चालेल का? इस्लाममध्ये चित्र निषिद्ध, मग ही चित्रं आली कुठून? मूळ प्रत मुंबईत कुठे बघायला मिळेल? पदवीशिवाय कोणी दारात उभं करील का?

आधी मूळ प्रतीचं सांगून टाकतो. तेराव्या शतकातली अरबी सचित्र पोथी शोधत फोर्टात हिंडू नका, चपला झिजतील. नावाजलेल्या प्रती पॅरिस, ऑक्सफर्ड, म्युनिक, इस्तंबूल अशा ठिकाणी आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच पानन् पान, फुकट, तुमच्या मोबाइलवर उघडतात. मुंबईत मिळतं ते वेगळं: अरबी शिकवणारी माणसं, आणि जुनी पोथी समोर ठेवून नजर तयार करण्याची सोय. चित्रं पडद्यावर बघायची आणि सराव मुंबईत करायचा, हे एकदा ठरलं की बाकीचं सोपं आहे.

पहिला ग्रंथ कोणता धरावा?

एकच धरा, आणि तो ‘कलिला व दिमना’ धरा. कारण ही गोष्ट तुम्हाला लहानपणापासून पाठ आहे. हे पंचतंत्रच. सहाव्या शतकात इराणचा बादशहा खुस्रो अनुशिरवान याच्या काळात बुर्झोय नावाच्या वैद्याने ते पहलवीत, म्हणजे त्या काळच्या फारसीत नेलं. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने पहलवीवरून अरबीत आणलं. करटक-दमनक हे कोल्हे तिथे कलिला-दिमना झाले, संजीवक बैल शंझबा झाला. पिंगलक सिंह मात्र नाव हरवून नुसता ‘सिंह’ राहिला. काकोलूकीयातले कावळे आणि घुबडं, चंद्रसरोवरावर हत्तींना फसवणारा ससा आणि माकड सगळे तिथे आहेत, फक्त माकडाच्या गोष्टीतल्या मगरीचं तिथे कासव झालं.

युरोपातला विद्यार्थी हा ग्रंथ उघडतो तेव्हा त्याला आधी गोष्ट समजून घ्यावी लागते. तुम्हाला ती माहीत असते, म्हणून तुम्ही थेट चित्राकडे वळू शकता. ही आयती मिळालेली आघाडी सोडून ‘इस्लामी सौंदर्यशास्त्रा’वरच्या जाडजूड पुस्तकापासून सुरुवात करणारे बरेच जण तिसऱ्या प्रकरणातच थकतात.

दोन प्रती निवडा:

- पॅरिसची. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली, अरबी संग्रहातला क्रमांक ३४६५. तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, बहुधा सीरियात तयार झालेली.
- ऑक्सफर्डची. बोडलियन ग्रंथालयातली, पोकॉक संग्रहातला क्रमांक ४००. इ.स. १३५४ ची.

आता सराव असा करा. पंचतंत्रातली एक गोष्ट मराठीत नीट वाचा. समजा, ससा हत्तींच्या राजाला पाण्यातलं चंद्राचं प्रतिबिंब दाखवतो ती. पुस्तक मिटून स्वतःला विचारा, ‘या गोष्टीला एकच चित्र द्यायचं झालं, तर मी कुठला क्षण घेईन?’ उत्तर वहीत लिहा. मग ऑक्सफर्डची प्रत उघडून चित्रकाराने कुठला क्षण घेतलाय ते बघा, आणि तुमच्या निवडीशी ताडून त्याने तो का घेतला असेल ते चार ओळींत लिहा. असं दहा-पंधरा चित्रांचं केलंत की पुढचा प्रश्न तुमचा तुम्हालाच सुचायला लागेल.

पॅरिसच्या प्रतीत एक गोष्ट लगेच नजरेत भरते. चित्राला पार्श्वभूमी जवळजवळ नाहीच. कोरा कागद, तळाशी गवताची पट्टी, एखाद-दुसरं झाड आणि समोरासमोर दोन प्राणी. मुघल चित्रांची सवय असलेल्याला हे अपुरं वाटतं. ते अपुरं नाही. वरच्या आणि खालच्या मजकुराच्या मधोमध हे चित्र येतं आणि संवादाचं काम करतं. सिंहासमोर दिमना कसा उभा आहे, मान किती खाली आहे, यातच सगळं आलं.

पुढे तुमच्या मूळ विषयाप्रमाणे वाट बदला:

- औषधविक्रेते, वैद्य, वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी: डायोस्कोरिडीझच्या वनस्पतिग्रंथाची अरबी भाषांतरं. १२२४ सालच्या एका प्रतीची पानं जगभर विखुरली आहेत. मधापासून औषध तयार करणाऱ्या माणसाचं प्रसिद्ध पान न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. जोडीला पॅरिसमधली ११९९ सालची ‘किताब अद-दिर्याक’, म्हणजे विषावरच्या उताऱ्यांचा ग्रंथ.
- अभियंते: अल-जझरीचा यंत्रांवरचा ग्रंथ, १२०६ च्या सुमाराचा. त्यातलं हत्तीचं घड्याळ जरूर बघा. हत्तीच्या पोटातल्या टाकीत भोक पाडलेलं भांडं हळूहळू बुडतं आणि त्यावर सगळं यंत्र हलतं. आपल्याकडे मुहूर्तासाठी घटिकापात्र ठेवत, त्याचंच हे तत्त्व.
- आकाशदर्शनाची आवड असलेले: अस-सूफीचा ताऱ्यांवरचा ग्रंथ, दहाव्या शतकातला. प्रत्येक तारकासमूह दोनदा काढलेला असतो, एकदा आकाशात दिसतो तसा आणि एकदा खगोलाच्या गोलावर दिसतो तसा.
- बाकी सगळे: अल-हरीरीची ‘मकामात’. तिच्याबद्दल खाली सविस्तर.

चित्र निषिद्ध असताना चित्र कसं?

सुरुवातीपुरतं एवढं पुरे. कुराणाच्या प्रतींत माणसांची-प्राण्यांची चित्रं नसतात. तिथे अक्षर आणि नक्षी. पण वैद्यक, यंत्रं, तारे, गोष्टी यांच्या ग्रंथांत चित्रं सर्रास आहेत, आणि ती मुसलमान दरबारांत आणि शहरांत, मुसलमान वाचकांसाठीच तयार झाली. ती कोणालाच खटकत नव्हती असं मात्र नाही. काही प्रतींत नंतरच्या कोणी चेहरे खरवडलेत, काहींत गळ्यावर बारीक आडवी रेघ मारून आकृती ‘निर्जीव’ केलीये. अशी रेघ दिसली तर ‘खराब चित्र’ म्हणून पुढे जाऊ नका. तीही नोंदवा. ती त्या पोथीच्या एका वाचकाने ठेवलेली खूण आहे.

घरात यावरून वाद होत असेल तर वाद जिंकायच्या भानगडीत न पडता यंत्रं, वनस्पती आणि ताऱ्यांच्या ग्रंथांपासून सुरुवात करा. अभ्यास तेवढाच पक्का होतो.

अरबी यायलाच हवी का?

पहिल्या वर्षी नाही. दुसऱ्या वर्षी हो. मधला काळ लिपी शिकण्यात घाला.

इथे तुम्ही कोण आहात त्यावर मार्ग ठरतो. उर्दू वाचता येत असेल तर लिपीचं निम्मं काम झालंच आहे, आता व्याकरणाकडे वळा. लहानपणी नाझरा झालं असेल, म्हणजे कुराण उच्चारून वाचता येत असेल, तर अक्षरं पक्की असतात पण अर्थ लागत नाही. शिवाय कुराणाच्या छापील प्रतीत जबर-जेर-पेश सगळं दिलेलं असतं, हस्तलिखितात ते बहुतेक नसतं, काही वेळा नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपकेही गाळलेले असतात. पहिल्या पानावरच आत्मविश्वास डळमळतो. डळमळू द्या, सगळ्यांचाच डळमळतो. मोडी वाचणाऱ्यांना ही अडचण ओळखीची वाटेल. तिथेही वळण बदललं की अक्षर बदलल्यासारखं वाटतं, आणि शेवटी शब्द ओळखू येतो तो संदर्भावरून.

शिकायचं कुठे?

- मुंबई विद्यापीठाचा अरबी विभाग, कलिना. हायवेलगत राहणाऱ्या पेणकरपाडेकरांना फोर्टपेक्षा कलिना सोयीचं. या वर्षी कोणते अल्पमुदतीचे वर्ग आहेत आणि ते कोणत्या वेळेला भरतात, हे आधी विचारून घ्या. नोकरी करणाऱ्यांचं गाडं वेळेवरच अडतं.
- राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचे अरबीचे प्रमाणपत्र आणि पदविका वर्ग. देशभर केंद्रं आहेत, फी माफक असते. घराजवळचं केंद्र परिषदेच्या संकेतस्थळावर पाहा.
- नयानगरात अरबी शिकवणाऱ्यांची वाण नाही. पण शिकवणी लावताना स्पष्ट सांगा की ‘मला बोलायला नाही, जुना मजकूर वाचायला शिकायचंय.’ नाहीतर सहा महिने आखाती नोकरीच्या मुलाखतीची तयारी होईल आणि इब्न अल-मुकफ्फा आहे तिथेच राहील.

तोवर दोन क्लृप्त्या. समोरचं पान अरबी की फारसी, हे भाषा न येताही बऱ्याचदा ओळखता येतं. शब्दांच्या सुरुवातीला अलिफ-लामची उभी जोडी ओळीओळीत पुन्हा पुन्हा दिसली तर अरबीची शक्यता जास्त. अक्षरं उजवीकडून डावीकडे तिरकी लोंबत उतरत असतील तर ते नस्तालीक वळण, आणि पान बहुधा फारसी किंवा उर्दू. दुसरी क्लृप्ती हिजरी सालाची: हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. हिजरी ६३४ म्हणजे इ.स. १२३७ च्या आसपास. नेमका महिना हवा असेल तेव्हा तक्ता वापरा.

एक पान बघायचं म्हणजे काय करायचं

‘मकामात’ची पॅरिसमधली प्रत, अरबी क्रमांक ५८४७, उघडा. बसराच्या अल-हरीरीने (१०५४–११२२) रचलेल्या पन्नास प्रसंगांचा, म्हणजे मकामांचा, हा ग्रंथ. अबू झैद नावाचा बोलघेवडा भामटा दर वेळी नवं सोंग घेतो, लोकांना शब्दांनी गुंगवतो आणि त्यांच्या खिशातले पैसे काढतो. ही प्रत याह्या बिन महमूद अल-वासिती याने १२३७ मध्ये स्वतः लिहिली आणि चित्रंही स्वतःच काढली. तसं त्याने पुष्पिकेत, म्हणजे पोथीच्या शेवटच्या नोंदीत, लिहिलं आहे. चित्रं ९९ आहेत.

एकोणचाळिसाव्या मकामेतलं जहाज शोधा. ते ओमानच्या वाटेवर आहे. चित्र मोठं करा आणि जहाजाच्या बाजूला बघा. फळ्या खिळ्यांनी नाही, दोरीने शिवलेल्या आहेत, टाके दिसतात. खालच्या गोल खिडक्यांतून उतारूंचे चेहरे डोकावतायत. वर काम करणारे खलाशी सावळे आहेत. काही अभ्यासक त्यांना भारतीय मानतात. आता ग्रंथातला मजकूर भाषांतरातून वाचा. टाक्यांचं वर्णन तिथे नाही. ते वासितीने बहुधा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेल्या जहाजांवरून घातलं असावं.

त्याच मकामेत पुढे बाळंतपणाचं चित्र आहे. मधोमध खाली अडलेली बाळंतीण, वर चिंतेत बसलेला घरधनी. वरच्याच बाजूच्या कप्प्यांत एकाच्या हातात ॲस्ट्रोलेब, तर दुसरा मान खाली घालून तोडग्याचा कागद लिहितोय. इमारत उभी कापून आतल्या खोल्या दाखवल्यासारखी रचना.

दुसऱ्या मकामेतलं ग्रंथालयाचं चित्रही असंच बघा. कप्प्यांतली पुस्तकं उभी नाहीत, एकावर एक आडवी रचलेली आहेत. अरबी पुस्तकं तशीच ठेवत, म्हणून नाव पुष्कळदा पानांच्या खालच्या कडेवर शाईने लिहिलेलं असतं. उद्या एखाद्या संग्रहात जुनी पोथी हातात आली तर आधी ती कड बघा.

प्रत्येक चित्रासाठी वहीत एवढं लिहा:

1. संस्था, संग्रह, क्रमांक, पानाचा क्रमांक आणि बाजू. अरबी पोथी उजवीकडून उघडते, त्यामुळे समोरासमोरच्या दोन पानांत पहिली बाजू डावीकडे येते. इंग्रजी पुस्तकाच्या सवयीने इथे हमखास घोळ होतो, आणि मग तुमचा संदर्भ दुसऱ्याला सापडत नाही.
2. चित्राच्या लगेच आधीची आणि नंतरची ओळ कोणत्या प्रसंगाची आहे.
3. मजकुरात आहे आणि चित्रातही आहे ते काय. मजकुरात नाही पण चित्रात आहे ते काय.
4. खाडाखोड, नंतर फासलेला रंग, पुसलेला चेहरा, कीड, ओल.
5. पानाच्या तळाशी कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलाय का. असेल तर पुढच्या पानाशी जुळवून बघा. जुळला नाही तर मधलं पान हरवलंय किंवा बांधणीत उलटसुलट झालंय.

तिसरी नोंद सगळ्यांत मोलाची. जिथे दोन्ही याद्या जुळत नाहीत, तिथेच तुमच्या निबंधाचा विषय असतो.

कुठल्या संकेतस्थळावर काय

- गॅलिका, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं. वरच्या पॅरिसच्या प्रती इथे. शोधपेटीत नुसतं ‘अरब’ टाकू नका. रोमन लिपीत ए-आर-ए-बी-ई लिहून पुढे क्रमांक द्या.
- डिजिटल बोडलियन, ऑक्सफर्डसाठी.
- कतार डिजिटल लायब्ररी. ब्रिटिश लायब्ररीतली अरबी विज्ञानाची हस्तलिखितं इथे आहेत. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचे जुने दुवे तुटले, त्यामुळे जुन्या पुस्तकातला पत्ता उघडत नसेल तर आधी इथे शोधा.
- मेट्रोपॉलिटन आणि बाल्टिमोरचं वॉल्टर्स संग्रहालय. सुटी पानं, उत्तम छायाचित्रं, वापराची मोकळीक.
- फिहरिस्त. ब्रिटनमधल्या ग्रंथालयांतल्या हस्तलिखितांची एकत्रित सूची.

पिंटरेस्ट आणि इन्स्टाग्रामवरचं चित्र अभ्यासाला घेऊ नका. कडा कापलेल्या असतात, मजकूर गेलेला असतो, रंग चढवलेले असतात, आणि आता तर यंत्राने बनवलेली ‘अरबी’ चित्रंही त्यात मिसळलीत. क्रमांक आणि पान सांगता येत नाही, तोवर ते चित्र नाही असंच समजा.

पुस्तकांत रिचर्ड एटिंगहाउझेन यांचं १९६२ चं ‘अरब पेंटिंग’ अजूनही पहिलं पुस्तक म्हणून चांगलं. ‘मकामात’साठी ओलेग ग्राबार (१९८४). पोथीची बांधणी, शाई, पुष्पिका, खुणा हे सगळं शब्दकोशासारखं शोधायचं तर ॲडम गासेक (२००९). विकत घेऊ नका, महाग आहेत. ग्रंथालयात बसून वाचा.

मुंबईत काय आहे

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. इथे ‘अन्वार-ए-सुहैली’ची अकबरकालीन सचित्र पानं आहेत. हा ग्रंथ म्हणजे कलिला-दिमनाचाच हेरातमध्ये झालेला फारसी अवतार. पंचतंत्र इथून निघालं, पहलवी, अरबी, फारसी असं फिरून अकबराच्या चित्रशाळेत परत आलं. पॅरिसची प्रत पडद्यावर बघून झाल्यावर ही पानं बघा. तिथला कोरा कागद इथे डोंगर, झाडं, पाणी यांनी गच्च भरलाय. सगळी पानं कायम मांडलेली नसतात, म्हणून जाण्याआधी चौकशी करा.

एशियाटिक सोसायटी, टाउन हॉल. अरबीसाठी नाही, तुलनेसाठी जा. महाभारताच्या आरण्यक पर्वाची १५१६ सालची सचित्र पोथी सोसायटीच्या संग्रहात आहे. कार्ल खंडालावाला आणि मोतीचंद्र यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलंय. मूळ पोथी सहज दाखवत नाहीत, पुस्तक मात्र मागून बसता येतं. आपल्याकडचा चित्रकार मजकुराशी कसं वागतो ते त्यात दिसतं.

के. आर. कामा प्राच्यविद्या संस्था, फोर्ट. इथे मुल्ला फिरोज ग्रंथालयाचा संग्रह आहे. त्यातल्या अरबी, फारसी, तुर्की, हिंदुस्तानी हस्तलिखितांची सूची एडवर्ड रेहाटसेक या हंगेरियन पंडिताने १८७३ मध्ये छापली. हा गृहस्थ १८४७ मध्ये मुंबईत आला आणि इथलाच होऊन गेला. ती सूची आता ऑनलाइन मिळते. हस्तलिखित मागण्याआधी ती वाचून क्रमांक लिहून नेलात, तर समोरचा ग्रंथपाल तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय. अरबी, फारसी, उर्दू हस्तलिखितांची सूची १९३५ ची, शेख अब्दुल कादिर-ए-सर्फराज यांची. शिवाय आसफ फैझी यांनी दिलेली इस्माइली हस्तलिखितं. चित्रांसाठी नव्हे, कागद, शाई, वळण, बांधणी ओळखायला. संग्रह फोर्टात बघायला मिळेल की कलिन्यात, ते आधी फोनवर विचारा. मीरा रोडहून लोकलने लोंबकळत फोर्टला पोचल्यावर ‘ते कलिन्याला’ ऐकणं फार वाईट.

ज्ञानप्रवाह, फोर्ट. इस्लामी सौंदर्यदृष्टीवरचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम ही संस्था घेत आली आहे. कलेच्या पदवीची अट असेलच असं धरून बसू नका, विचारा.

मुंबईबाहेर जायची तयारी असेल तर पाटण्याचं खुदाबख्श ग्रंथालय. अल-झहरावीच्या शस्त्रक्रियेच्या ग्रंथाची जुनी अरबी प्रत तिथे आहे, हत्यारांच्या आकृत्यांसह. डायोस्कोरिडीझची सचित्र अरबी प्रतही आहे. भारतात राहून मूळ अरबी वैज्ञानिक चित्रं बघायची तर हा प्रवास सार्थकी लागेल.

हस्तलिखित बघायला जाताना सोबत काय न्याल: ओळखपत्र, महाविद्यालयाचं किंवा एखाद्या अभ्यासकाचं शिफारसपत्र, आधी पाठवलेल्या ईमेलची प्रत, शिसपेन्सिल. शाईचं पेन दप्तरातच राहू द्या. हातमोजे त्यांनी सांगितले तरच. कागदाला बहुधा धुऊन कोरडे केलेले हात बरे. जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या छत्रीसह वाचनकक्षात शिरू नका, हे सांगावं लागतं म्हणून सांगतो.

शिष्यवृत्ती: विषयाचं नाव जपून लिहा

परदेशात एम.ए. किंवा पीएच.डी. करायची असेल तर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या योजनेत २०२२-२३ पासून एक अट आली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय चालत नाहीत. ही अट मला पटत नाही, पण अर्ज तुमचा आहे. ‘तेराव्या शतकातली अरबी सचित्र हस्तलिखितं’ हा विषय भारतावरचा नाही. तोच विषय ‘पंचतंत्र ते मुघल चित्रकला’ असा लिहिलात तर अर्ज बाद व्हायचा धोका आहे. चालू वर्षाची नियमावली वाचून मगच शीर्षक ठरवा.

ब्रिटनमधल्या अल्पमुदतीच्या संशोधनासाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट आणि इस्लामी कलेसाठी बराकत ट्रस्ट, या दोन्हींचे निकष दरवर्षी बघत राहा.

तुमचे हक्क

- आठशे वर्षांपूर्वीच्या चित्रावर कोणाचा कॉपीराइट उरलेला नाही. छायाचित्राच्या वापराच्या अटी मात्र संस्थेच्या असतात. मेट्रोपॉलिटनने आपली बरीच चित्रं २०१७ पासून सर्वांना मोकळी केलीत. गॅलिका आणि बोडलियनची चित्रं अभ्यासाला, गैरव्यावसायिक कामाला वापरता येतात, स्रोत लिहायचा. पुस्तकात छापून विकायचं असेल तर आधी परवानगी.
- खासगी अभ्यास आणि संशोधनासाठी केलेला माफक वापर भारतीय कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम ५२ मध्ये बसतो. आधुनिक पुस्तकातली काही पानं स्वतःसाठी उतरवणं आणि अख्खं पुस्तक स्कॅन करून गटात वाटणं, यात फरक आहे.
- सरकारी ग्रंथालयाने हस्तलिखित दाखवायला नकार दिला तर भांडू नका, कारण लेखी मागा. खुदाबख्श किंवा रामपूरच्या रझा ग्रंथालयासारख्या केंद्रीय संस्थांना माहितीचा अधिकार लागू आहे. दहा रुपये शुल्क, साधारण तीस दिवसांत उत्तर. पोथी जीर्ण आहे म्हणून मूळ दाखवता येत नसेल तर डिजिटल प्रत मागा. बरेचदा गाडी तिथेच रुळावर येते.

विकत घेण्याच्या फंदात पडण्याआधी

चोर बाजारात, ऑनलाइन लिलावात, कधी ओळखीच्याच कोणाकडून ‘जुनं अरबी चित्र’ समोर येतं. पिवळा कागद, अस्सल जुनं अक्षर, मधोमध उंट किंवा वैद्य. कागद खरा, अक्षर खरं, चित्र गेल्या वर्षीचं! जुन्या साध्या पोथीची पानं फाडून त्यांवर नवी चित्रं रंगवायचा धंदा अनेक देशांत चालतो. ओळखायचं कसं?

- चित्राच्या कडेला भिंगातून बघा. रंग अक्षरांच्या वर चढलेला आहे का? मजकुरासाठी जागा आखून मग चित्र काढलेलं असतं, तेव्हा ओळी चित्रापाशी व्यवस्थित थांबतात. नकली पानात रंगाखालून अर्धं अक्षर डोकावतं.
- मजकूर अरबी येणाऱ्याकडून वाचून घ्या. वर वारसाहक्काचे नियम आणि मध्ये शिकारीचं दृश्य असेल तर पुढे बोलायचं काम नाही.
- कीड लागलेलं भोक रंगातूनही आरपार गेलंय, की रंग भोकाच्या काठावर येऊन आत उतरलाय?

आणि पान खरं निघालं तर? १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा कलात्मक मूल्य असलेलं हस्तलिखित ही पुरावस्तू. सचित्र हस्तलिखिताची नोंदणी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते, अशी पुरावस्तू विकायचा धंदा करायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाने ती परदेशी पाठवणं हा किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षं कैदेचा गुन्हा आहे. विक्रेत्याकडे नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर उठा.

घरातच पोथी असेल तर

कोकणातून इकडे आलेल्या काही मुसलमान आणि बोहरी घरांत हाताने लिहिलेली अरबी पुस्तकं कपाटावर असतात. चित्रं नसली तरी ती अभ्यासाला सोन्यासारखी. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, उन्हात वाळवू नका, डांबरगोळ्या पानांत ठेवू नका. आम्लरहित कागदात गुंडाळून, भिंतीपासून दूर, आडवी ठेवा. पेणकरपाड्यातल्या बैठ्या चाळीत किंवा तळमजल्यावर राहत असाल तर पावसाळ्याआधीच जागा बदला. बुरशी धरली असेल तर घरी पुसत बसू नका, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कलासंवर्धन केंद्रात दाखवा. ते खासगी वस्तूंचंही काम घेतात, अंदाजपत्रक आधी मागा. पोथी कोणाला ‘स्कॅन करून देतो’ म्हणून देताना पानं मोजा, पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो काढा, आणि मालकी तुमचीच राहील, फाइलची प्रत तुम्हाला मिळेल, असं सहीनिशी लिहून घ्या.